मुळशीतील दोन हवाई अपघात आणि कारणमीमांसा

भूमी सोडताच विमान कोसळले की इंजिनाची शक्ती लोपली असावी, असा तर्क प्रथम सुचतो. आणि तो सर्वस्वी निराधार नसतो. उड्डाणसमयी वेग व उंची दोन्ही अल्प असतात. अशा वेळी एकाच इंजिनाचे लहान विमान शक्तिहीन झाल्यास मागे वळण्यास अवसर मिळत नाही. समोर दिसेल तेथे उतरणे हाच बहुधा सुरक्षित मार्ग उरतो. तथापि सामान्य नियम हा विशिष्ट घटनेचा पुरावा नव्हे.

मुळशी तालुक्यात २०२४ साली घडलेले दोन अपघात या दृष्टीने विचारार्ह आहेत. २४ ऑगस्ट रोजी मुंबईहून निघालेले हेलिकॉप्टर पौडनजीक कोसळले. आतील चौघेही बचावले. २ ऑक्टोबर रोजी सकाळी बावधन परिसरातून जुहूकडे निघालेले हेलिकॉप्टर काही मिनिटांतच डोंगराळ भागात पडले व आतील तिघेही मृत्युमुखी पडले. दोन्ही हेलिकॉप्टरे दोन इंजिनांची असल्याने एका इंजिनाच्या बिघाडाने त्यांचा उलगडा आपोआप होत नाही. पहिल्या प्रसंगी पाऊस, दुसऱ्या प्रसंगी धुके होते. परंतु परिस्थिती म्हणजे कारण नव्हे. ते ठरवावयाचे तर अवशेष, देखभालीच्या नोंदी आणि साक्षी एकत्र पडताळल्या पाहिजेत.

शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टाने अशा तपासाचा हेतू दोषारोप नसून पुनरावृत्ती टाळणे हा मानला आहे. भारतात त्यासाठी २०१२ साली स्वतंत्र अन्वेषण विभाग स्थापन झाला. इतिहासाभ्यासकानेही हाच संयम पाळावा. सोयीचे कारण मृत वैमानिकास अन्यायकारक, आणि पुढील वैमानिकास घातक ठरते.