थळच्या किनाऱ्यावरून मुंबई

आमच्या थळच्या किनाऱ्यावरून समोर खांदेरीचा किल्ला दिसतो आणि रात्री उत्तरेला मुंबईचा उजेड. लहानपणी मला वाटायचं, मुंबई तिथंच संपते. जनगणना मात्र वेगळं सांगते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांवर आली. रायगडची २२ लाखांवरून २६ लाखांवर गेली. गिरण्या बंद पडल्या, जागा महागल्या, माणसं बाहेर सरकली. सिडकोनं १९७०पासून खाडीपलीकडे नवी मुंबई वसवली. २०२४मध्ये अटल सेतू खुला झाला. म्हणजे महानगर मध्यावर ओसरतं आणि काठावर वाढतं. आता तो काठ आमच्या वाड्यांपर्यंत येतो आहे. माणसं मोजायला सरकार येईलच. विहिरीचं पाणी किती जणांना पुरेल, हा हिशेब मात्र आपणच आधी मांडायला हवा.