वसईतील कॅथलिक लोकजीवन

पालघर जिल्ह्यातील वसई परिसरातल्या मराठीभाषक कॅथलिकांचे दैनंदिन धर्माचरण. पोर्तुगीज अंमलात (१५३४–१७३९) रुजलेला कॅथलिक धर्म मराठ्यांच्या विजयानंतरही टिकला. त्याचे श्रेय चर्चइतकेच घराला द्यावे लागते. संध्याकाळी कुटुंबाने क्रूसापुढे एकत्र रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणायची आणि नंतर धाकट्यांनी थोरल्यांचा आशीर्वाद घ्यायचा, ही जुनी रीत. दूरचित्रवाणीने या वेळेवर अतिक्रमण केले, हेही खरे. धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या कार्यक्षेत्रात, रविवारची मिस्सा (सामुदायिक उपासना) व चर्चचा वार्षिक सण महत्त्वाचे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासनेत लॅटिनची जागा मराठीने घेतली. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोली बोलणारी माणसे चर्चमध्ये मात्र प्रमाण मराठीत प्रार्थना करतात. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ मध्ये स्थापन झाला.