दीक्षाभूमीवरील अन्नदान

नागपुरांत विजयादशमीस सोनें वाटलें जातें, तसेंच अन्नही वाटलें जातें. या अन्नदानाचें मर्म कळण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. २० मार्च १९२७ रोजीं चवदार तळ्याचें पाणी प्यालेले अस्पृश्य बांधव महाडास जेवीत असतां जमावानें मंडपांत शिरून त्यांचें अन्न मातींत मिळविलें. पाणी आणि अन्न हींच विषमतेचीं शस्त्रें होतीं.

पुढें १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं लक्षावधि अनुयायांसह नागपुरास बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दिवसाच्या स्मरणार्थ दरवर्षीं लाखों लोक दीक्षाभूमीवर येतात. त्यांत मोलमजुरी करणारे पुष्कळ. रोज बुडवून, शिदोरी बांधून ते येतात व रात्र उघड्यावर काढतात. शिदोरी सरली तरी त्यांस उपाशी राहावें लागत नाहीं. भोंवतालच्या रस्त्यांवर निरनिराळ्या मंडळांचे स्वयंसेवक भात-भाजी वाढतात, पाणी देतात. घेणाऱ्यास गांव पुसत नाहींत. जात तर नाहींच.

ज्यांच्या पूर्वजांच्या हातचें पाणी विटाळाचें मानिलें गेलें, तेच येथें यजमान असतात, आणि त्यांच्या हातचा घांस हजारों लोक निःशंकपणें घेतात.