लॅपटॉपचा जीर्णोद्धार

बंद पडलेले घड्याळ उघडून बसणारा, मुका झालेला रेडिओ बोलता करणारा, बाजाच्या पेटीचा भाता स्वतःच्या हाताने शिवणारा एखादा हौशी गृहस्थ पूर्वी बहुतेक आळीत असे. या कामाचे तो पैसे घेत नसे. उलट पदरचेच चार पैसे त्यात जात. वस्तू पुन्हा जिवंत झाली, हेच त्याचे वेतन. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या मंडळींच्या मेजावर एक नवी वस्तू आली आहे. ती म्हणजे लॅपटॉप, अर्थात मांडीवर मावणारा संगणक. पाच वर्षांत जुनाट ठरणारे आणि दहा वर्षांत भंगारात जाणारे हे यंत्र कोणी हौसेने दुरुस्त करीत बसेल, हे प्रथमदर्शनी खरे वाटत नाही. पण अमेरिका, युरोप, चीन, जपान आणि आपला देश, सर्वत्र अशी माणसे आहेत. त्यांच्या छंदाचा इतिहास पाहू गेल्यास तो वस्तुतः एका प्रश्नाचा इतिहास ठरतो. वस्तू विकत घेतली म्हणजे ती उघडण्याचा अधिकार आणि उघडण्याचे ज्ञान, ही दोन्ही तिच्याबरोबर घरी येतात काय?

बरोबर नेता येईल असा संगणक बाजारात खपवून दाखविण्याचा पहिला मान ॲडम ऑस्बोर्न यांच्याकडे जातो. या गृहस्थांचे भारताशी जवळचे नाते होते. १९३९ साली बँकॉक येथे जन्मलेल्या ऑस्बोर्न यांचे बालपण तमिळनाडूतील तिरुवण्णामलै येथे गेले. वडील आर्थर ऑस्बोर्न हे रमण महर्षींचे भक्त व चरित्रकार होते. पुढे अमेरिकेत नाव मिळवून आणि गमावून ॲडम ऑस्बोर्न भारतात परतले आणि २००३ साली कोडाईकनाल येथे निवर्तले. त्यांचा ‘ऑस्बोर्न-१’ १९८१ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनात प्रथम दिसला. वजन सुमारे अकरा किलो, पडदा पाच इंचांचा, किंमत १,७९५ डॉलर. त्यात बॅटरी नव्हती, आणि तो मांडीवर घेणे म्हणजे शिवणयंत्र मांडीवर घेण्यासारखेच होते. परंतु त्याचे बहुतेक सुटे भाग बाजारात सहज मिळणारे होते. कंपनीचे दिवाळे १९८३ च्या सप्टेंबरात वाजले, तरी जाणकार हातांनी तिची यंत्रे पुढेही चालती ठेवली, ती यामुळेच.

१९८२ साली बिल मॉग्रिज या इंग्रज अभिकल्पकाने ‘ग्रिड कंपास’ या यंत्राला पडदा बिजागरीवर दुमडून कळफलकावर मिटणारे रूप दिले. आज प्रत्येक लॅपटॉप पुस्तकासारखा मिटतो, त्याचे मूळ येथे आहे. १९८५ साली तोशिबा कंपनीच्या टी-११०० या यंत्राने बॅटरीवर चालणारा, सुमारे चार किलोंचा संगणक युरोपात विकावयास आणला. यंत्र खरोखर मांडीवर आले ते येथून पुढे.

तथापि दुरुस्तीचा छंद जिच्याभोवती रुजला ती यंत्रमालिका आली १९९२ च्या ऑक्टोबरात. आयबीएम कंपनीचा ‘थिंकपॅड ७००सी’ हा काळा, चौकोनी, अलंकारहीन आणि कळफलकाच्या मध्यभागी तांबडा ठिपका मिरविणारा लॅपटॉप जर्मन अभिकल्पक रिचर्ड सॅपर आणि जपानमधील यामातो प्रयोगशाळेचे अरिमासा नाइतो यांच्या सहकार्यातून घडला. जपानी शिदोरीच्या काळ्या डब्यावरून त्याचे रूप सुचले, असे सांगतात. त्याच्या देखणेपणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण हौशी कारागिरांच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण निराळाच होता. या मालिकेतील यंत्रांची दुरुस्ती-पुस्तिका कंपनी सर्वांसाठी खुली ठेवीत असे.

ही पुस्तिका म्हणजे मोठी शिस्तीची चीज आहे. कोणता भाग आधी काढावा, कोणता नंतर; कोणत्या छिद्रात किती लांबीचा स्क्रू; प्रत्येक भागाचा क्रमांक काय, हे सर्व तीत चित्रांसह दिलेले असते. नायलॉनचा लेप दिलेला स्क्रू एकदाच वापरावा, काढल्यास नवा घालावा, अशीही तीत ताकीद आहे. छंदिष्टांनी पुस्तिकेतील बाकी सर्व आज्ञा शिरोधार्य मानल्या. ही एक मात्र कोणी पाळली असेल असे वाटत नाही. एकच स्क्रू दहादा निघतो आणि दहादा बसतो.

पुस्तिका खुली ठेवण्यामागे परोपकार नव्हता. ही यंत्रे मोठमोठ्या कचेऱ्या शेकड्यांनी घेत, आणि त्यांच्या तंत्रज्ञांना ती जागच्या जागी उघडता येणे हा खरेदीचाच एक भाग असे. तीन-चार वर्षांनी कचेऱ्या नवी यंत्रे घेत आणि जुनी घाऊक भावाने जुन्या बाजारात येत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, दिल्लीचे नेहरू प्लेस, सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर, इंदूरचा सिल्व्हर मॉल अशा ठिकाणी संगणकांचे बाजार उभे राहिले आणि दुरुस्तीच्या हातांना तेथे काम मिळाले. स्वस्त यंत्र, मिळणारे सुटे भाग आणि छापील ज्ञान, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की छंद जन्मास येतो. येथे तसेच झाले.

या छंदातील आनंद कोणता, हे एका उदाहरणावरून कळेल. २००६ साली आलेला थिंकपॅड टी-६० हा छंदिष्टांचा आवडता. एखादा टी-६० ‘मेला’ म्हणून हाती येतो. बटण दाबले की पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो. अननुभवी माणूस येथेच हात टेकतो. जाणता खोलीतला दिवा मालवतो, हातात विजेरी घेतो आणि तिचा झोत पडद्यावर तिरका टाकतो. काळोखात अक्षरांची पुसट छाया दिसली की निदान झाले! चित्र उमटत आहे. मेली आहे ती केवळ पडद्यामागची, काडीएवढी बारीक दिव्याची नळी किंवा तिला वीज पुरविणारी पट्टी. दाता म्हणून दुसरे एखादे फुटके यंत्र आणावे, त्याची पट्टी याला बसवावी. दोन मेलेल्यांतून एक जिवंत उठतो. पंख्यात साचलेली धूळ काढावी, सुकून खडूसारखा झालेला उष्णतावाहक लेप पुसून नवा लावावा, आणि धापा टाकणारे यंत्र शांतपणे श्वास घेऊ लागावे. कधी दोष अगदीच क्षुल्लक असतो. नाण्याएवढा एक सेल संपलेला असतो, त्यामुळे यंत्र आजची तारीख विसरते, आणि तारीख चुकल्यामुळे इंटरनेटवरील सुरक्षित स्थळे त्याला दारातूनच परत पाठवितात. काही रुपयांचा सेल घातला की सारे सुरळीत! अशा वेळी होणारा आनंद हा आर्थिक नसतो. गूढ उकलल्याचा तो आनंद असतो.

निराशेचेही प्रकार आहेत, आणि त्यांत भेद करणे अवश्य आहे. पहिला प्रकार आपल्याच हातचा. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या छिद्रात पिळला की तो खालच्या मदरबोर्डात घुसतो. फितीसारख्या तारेची नखाएवढी खिट्टी घाईने उचलली की तुटते. म्हणूनच सराईत माणूस कागदावर यंत्राची आकृती काढून त्या त्या जागी स्क्रू टोचून ठेवतो. घाई हाच या कामातला मोठा शत्रू.

दुसरा प्रकार काळाने केलेल्या हानीचा. १९९० च्या दशकातील काही यंत्रे उघडताच व्हिनेगरचा आंबूस दर्प येतो. पडद्यावरील सेल्युलोजचा पातळ पापुद्रा कुजत असतो. जुन्या चित्रपटांच्या रिळांना जडतो तोच हा रोग. रबरासारखा मुलायम लेप चिकट होतो. प्लॅस्टिक ठिसूळ होऊन बिजागरीचे पाय मोडतात. जुन्या बॅटऱ्या पाझरून तांब्याच्या रेषा खाऊन टाकतात. यांत कायद्यानेही नकळत भर घातली. १ जुलै २००६ पासून युरोपात इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिसे वापरण्यास बंदी आली. शिसे विषारी असल्याने नियम योग्यच होता. पण शिसे-कथिलाचा डाग १८३ अंशांवर वितळे, तर नव्या बिनशिशाच्या डागाला सुमारे २१७ अंश लागतात. हौशी माणसाच्या हातातील डाग देण्याची कांडी अधिक तापवावी लागली आणि पट्टी करपण्याचे भय वाढले. चित्र उमटविणारी चकती भाजून सुधारण्याचा उपायही असाच फसवा. यंत्र उठते, दोन-चार आठवडे चालते आणि पुन्हा निजते. पण या निराशेत कडवटपणा नसतो. काळाशी झुंज घेतली आणि हरलो, एवढेच.

तिसरा प्रकार मात्र मनास लागतो, कारण तो माणसाने बुद्धिपुरस्सर निर्माण केलेला असतो. खुद्द थिंकपॅडमध्येही तो होता. बिनतारी जोडणीचे, मंजूर यादीत नसलेले कार्ड बसविले की ही यंत्रे १८०२ हा दोषक्रमांक दाखवून पुढे जाण्याचे नाकारीत. कार्ड चांगले, जागा योग्य, तरी प्रवेश नाही! बॅटरीची गोष्ट तशीच. तिच्या पोटात १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे साधे सेल असतात. ते बदलता येतात. पण बदलताना वीज क्षणभर तुटली की अनेक बॅटऱ्यांतील चकती स्वतःला कायमचे कुलूप लावून घेते. २०१२ साली ॲपल कंपनीच्या नव्या मॅकबुक प्रोमध्ये स्मृतिपट्टी मदरबोर्डाला डागलेली आणि बॅटरी डिंकाने चिकटविलेली होती. त्याच वर्षी थिंकपॅडच्या एक्स-१ कार्बननेही स्मृतिपट्टी डागून टाकली. यंत्रे सडपातळ व हलकी झाली, हे मान्य केले पाहिजे, आणि गिऱ्हाइकाला ती आवडली, हेही. परंतु त्या सडपातळपणाची किंमत विकत घेताना दिसत नव्हती. ती दिसावयाची पहिल्या बिघाडाच्या दिवशी.

या बंद होत चाललेल्या दारांना उत्तरही छंदिष्टांकडूनच आले. २००३ साली कॅलिफोर्नियातील काइल वीन्स व ल्यूक सोल्स या दोन विद्यार्थ्यांनी, लॅपटॉप दुरुस्त करताना पुस्तिका मिळेना म्हणून, ‘आयफिक्सिट’ हा उद्योग काढला आणि यंत्रे स्वतः उघडून त्यांच्या पुस्तिका सर्वांना फुकट दिल्या. २०१२ च्या त्या मॅकबुक प्रोला याच संस्थेने दुरुस्तीसाठी दहापैकी एक गुण दिला होता. चीनमधील काही हौशी तंत्रज्ञांनी तर जुन्या थिंकपॅडच्या सांगाड्यांत बसतील असे नवे मदरबोर्डच घडविले. वाडा जुना, बिऱ्हाड नवे! २०२१ साली अमेरिकेतील फ्रेमवर्क कंपनीने प्रत्येक भाग बदलता येईल असा लॅपटॉप विक्रीस काढला. त्याच वर्षी फ्रान्सने लॅपटॉपवर दुरुस्ती-सुलभतेचे दहापैकी गुण छापणे सक्तीचे केले. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या अधिकारासाठी २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात माहितीचे सार्वजनिक दालन उघडले. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख ठरली. तीपासून अशा उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे.

उघडता येण्याने काय साधते, याची परीक्षा २०२५ साली झाली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये डेबियन या लोकप्रिय मुक्त प्रणालीने आपल्या नव्या आवृत्तीत ३२-बिटांच्या जुन्या यंत्रांवर स्थापना करण्याची सोय बंद केली. १४ ऑक्टोबरला विंडोज-१० चा सर्वसाधारण आधार संपला. ज्यांचा आधार जुन्या प्रणालीवर होता, त्यांच्यासाठी ही जणू निवृत्तीची नोटीस होती. वर सांगितलेला टी-६० आरंभीच्या रूपात ३२-बिटांचाच. पण त्याची मुख्य चकती डागलेली नाही. ती सॉकेटमध्ये बसविलेली आहे. चार-दोन स्क्रू काढावेत, जुनी चकती उचलावी, ६४-बिटांची दुसरी बसवावी, नवा लेप लावावा, की ते यंत्र नव्या डेबियनच्या दारातून आत येते. स्मृती तीन गिगाबाइटांच्या पुढे वापरता येत नाही, ही त्याची मर्यादा कायम राहते. पत्र लिहिणे, हिशेब ठेवणे, वाचणे यांना ती आड येत नाही. त्यानंतरच्या कित्येक यंत्रांना हा मार्ग मोकळा नाही. चकती डागली गेली त्याच दिवशी त्यांचे आयुष्य ठरून गेले.

२००६ च्या सुमारास कोणा अभियंत्याने चकतीखाली सॉकेट ठेवले, कोणी पुस्तिका छापली आणि कोणी ती खुली राहू दिली. त्यांतील कोणालाही २०२५ साली हे यंत्र कोणाच्या मेजावर असेल, याची कल्पना असणे शक्य नव्हते. घर बांधणारा भिंतीत एखादी खिडकी ठेवतो आणि तिच्यातून पाहणारा पुढच्या पिढीतला असतो, त्यातलाच हा प्रकार. रात्री उशिरा मेजावरच्या दिव्याखाली शेवटचा स्क्रू पिळणाऱ्या छंदिष्टाचा आनंद म्हणूनच त्याच्या एकट्याचा नसतो. त्यात त्या अज्ञात अभियंत्याचाही वाटा असतो. आज घडविल्या जाणाऱ्या यंत्रांत असा वाटा पुढच्यांसाठी कोणी ठेवीत आहे काय, हे मात्र ती यंत्रे उघडू पाहिल्यावाचून कळणार नाही.