रोमच्या वेशीवरील फ्रेंच तोफा

जोसेफ मॅझिनीचे नाव मराठी वाचकांस परके नाही. त्याच्या आत्मचरित्राचा सावरकरांनी केलेला अनुवाद १९०७ साली प्रसिद्ध झाला व पुढे इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. परंतु मॅझिनीच्या हाती राज्यसूत्रे आली ती अवघे तीन महिने, आणि ती हिरावून घेतली एका प्रजासत्ताकाने, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

नोव्हेंबर १८४८ मध्ये लोकक्षोभामुळे पोप नववे पायस रोम सोडून गाएता येथे गेले. ९ फेब्रुवारी १८४९ रोजी लोकनियुक्त सभेने प्रजासत्ताकाची घोषणा केली. पोपची राजसत्ता संपुष्टात आली. मात्र त्यांच्या धर्माधिकाराच्या स्वातंत्र्याची हमी त्याच ठरावात होती.

फ्रान्सने आदल्याच वर्षी आपला राजा घालविला होता. कोणत्याही राष्ट्राच्या स्वातंत्र्याविरुद्ध आपले बळ कदापि योजणार नाही, असे त्याच्या नव्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकात नमूद होते. तरीही एप्रिलमध्ये जनरल उदिनो सैन्यासह चिव्हितावेक्किया बंदरात उतरला. ऑस्ट्रियाच्या वर्चस्वास पायबंद घालावयाचा आहे, असे फ्रेंच विधिमंडळास सांगण्यात आले. ते भय निराधार नव्हते. परंतु राष्ट्राध्यक्ष लुई नेपोलियनला स्वदेशातील कॅथलिक मतदारांचा पाठिंबाही हवा होता.

३० एप्रिलला गॅरिबाल्डीने हल्ला परतविला, आणि मॅझिनीने फ्रेंच कैदी सोडून दिले. पुढे सुवेझ कालव्यामुळे विख्यात झालेला लेसेप्स वाटाघाटीस आला व ३१ मे रोजी करारही झाला. उदिनोने तो झिडकारला; पॅरिसने लेसेप्सला परत बोलाविले. घटनाभंगाच्या निषेधार्थ १३ जूनला पॅरिसमध्ये निघालेला मोर्चा सैन्याने उधळून लावला. ३ जुलैला फ्रेंच रोममध्ये शिरले. त्याच उन्हाळ्यात रशियन फौजा हंगेरीचा उठाव चिरडीत होत्या. तेथील लोकांसाठी मात्र फ्रान्सचा एकही शिपाई हलला नाही.

मधला अल्पकाळ वगळता फ्रेंच शिबंदी १८७० पर्यंत रोममध्ये राहिली. प्रशियाशी युद्ध जुंपताच ती माघारी गेली आणि २० सप्टेंबरला इटलीचे सैन्य नगरात आले. पोपचे राज्य गेले. धर्मपीठाचा अधिकार मात्र त्यानंतरही जगभर मानला गेला. संगिनींनी एकवीस वर्षे जपले होते ते केवळ राज्य. श्रद्धेला त्यांची गरज कधीच नव्हती.