खेळ, जाहिरात आणि मूल

मुलांना भुलविणाऱ्या जाहिरातीला आवर कोणी घालावा? आपण दोन शेजारी देशांचा इतिहास पाहू. अमेरिकेत १९९३ साली सिनेटपुढे व्हिडिओ गेममधील हिंसेचा प्रश्न आला. कायदा टाळावा म्हणून कारखानदारांनी १९९४ पासून खेळांवर वयाच्या चिठ्ठ्या स्वतःच लावल्या. पुढे २००० साली फेडरल ट्रेड कमिशनने चौकशी केली, तेव्हा सतरा वर्षांखालील मुलांस अयोग्य ठरविलेल्या ११८ खेळांपैकी ८३ खेळांची जाहिरात त्याच मुलांवर रोखलेली आढळली. कुंपणानेच शेत खाल्ले! कॅनडातील क्वेबेक प्रांताने मात्र १९८० पासूनच तेरा वर्षांखालील मुलांसाठी व्यापारी जाहिरात करण्यास बंदी घातली; १९८९ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. राखण विक्रेत्याकडे सोपवू नये, हाच बोध आम्ही यातून घेतो.