पशुवैद्यकीय तंत्रज्ञ : शिक्षण

पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली प्राण्यांची शुश्रूषा, भूल, क्ष-किरण चित्रण आणि प्रयोगशाळेतील तपासण्या करणारा प्रशिक्षित साहाय्यक घडवणारा अभ्यासक्रम. त्याचे आजचे रूप मुख्यतः अमेरिकेत घडले. न्यूयॉर्क राज्यातील डेलहाय या छोट्या गावातल्या सरकारी महाविद्यालयात १९६१ मध्ये असा पहिला नागरी, म्हणजे लष्कराबाहेरचा, अभ्यासक्रम सुरू झाला.

शालेय शिक्षणानंतर दोन वर्षांची सहपदवी हा नेहमीचा मार्ग. चार वर्षांची पदवी घेणाऱ्याला तंत्रविज्ञ म्हणतात. अभ्यासक्रमांना अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशनची मान्यता लागते. विद्यार्थ्याला कोणती कामे स्वतःच्या हाताने करता आलीच पाहिजेत, याची यादीही हीच संस्था ठरवते. घरी बसून दूरशिक्षणाने शिकणाऱ्यालाही दवाखान्यातल्या कामातून सूट नाही.

शिक्षणातला सर्वांत कठीण भाग औषधाच्या मात्रेचे गणित. १२ किलोच्या कुत्र्याला दर किलोमागे ०.२ मिलिग्रॅम मेलॉक्सिकॅम द्यायचे, म्हणजे २.४ मिलिग्रॅम; बाटलीत दर मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम औषध असेल, तर सिरिंजमध्ये ०.४८ मिलिलिटर घ्यायचे. दशांशचिन्ह एक घर सरकले की मात्रा दहापट होते. शिवाय प्रत्येक प्राण्याचे शरीर वेगळे. माणसाच्या तापावर सर्रास चालणारे पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेऊ शकते, कारण त्याच्या यकृताला ते नीट निष्प्रभ करता येत नाही. भूल सांभाळताना तर नजर हटवता येत नाही : जबड्याचा ताण, पापणीची प्रतिक्रिया, हिरड्यांचा रंग, हिरडी दाबून सोडल्यावर ती पुन्हा गुलाबी व्हायला लागणारा वेळ, श्वासातील कार्बन डायऑक्साइड. यंत्रे आकडे दाखवतात, पण हिरडी पाहणारा माणूसच लागतो. आपले दुखणे सांगू न शकणाऱ्या रोग्याच्या बाबतीत हे निरीक्षण हाच या शिक्षणाचा गाभा मानला पाहिजे. रक्त काढणे, विष्ठेतील जंतांची अंडी तरंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ओळखणे, दातांची सफाई, घोड्या-गायींना सुरक्षितपणे आवरणे हेही शिकवले जाते.

शेवटी राष्ट्रीय परीक्षा : तीन तास, १७० बहुपर्यायी प्रश्न. त्यांतले २० केवळ चाचणीसाठी असतात व गुणांत धरले जात नाहीत. परवाना किंवा नोंदणी राज्यागणिक वेगळी. तरीही रोगनिदान, रोगाच्या वाटचालीचे भाकीत, औषध लिहून देणे व शस्त्रक्रिया हे पशुवैद्यकाचेच काम राहते. अनुभवानंतर भूलशास्त्र, दंतचिकित्सा, अतिदक्षता अशा शाखांत विशेषज्ञही होता येते.

महाराष्ट्रात याच्या जवळचे पद म्हणजे पशुधन पर्यवेक्षक. त्याचे काम मुख्यतः गोठ्यांत : गायी-म्हशी-शेळ्यांचे लसीकरण, कृत्रिम रेतन, खच्चीकरण, जखमांची मलमपट्टी. गावकरी त्यालाही डॉक्टरच म्हणतात. शहरांतल्या दवाखान्यांत मात्र भूल आणि शुश्रूषेचे काम बरेचदा पाहून-पाहून शिकलेले मदतनीस करतात. त्यांच्यासाठी पद्धतशीर शिक्षण उभे राहण्याची मोठी गरज आहे. पशुधन पर्यवेक्षकाच्या कामाला मात्र कायद्याची मर्यादा आहे : भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० नुसार पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाला राज्य सरकार आदेशाद्वारे किरकोळ पशुवैद्यकीय सेवा देण्याची परवानगी देऊ शकते, पण नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली व निर्देशानुसारच.